'जीपीएस क्लॉक, १ नग' ही ओळ बदला: नाशिकहून वीज खात्यातल्या साहेब-मॅडमना खुलं पत्र

नमस्कार साहेब, नमस्कार मॅडम,

हे पत्र कुठल्या एका ऑफिसला नाहीये. नाशिक भागातल्या सबस्टेशनांची एस्टिमेटं करणारे, स्पेसिफिकेशन लिहिणारे, टेंडर मंजूर करणारे आणि काम संपल्यावर सही करून सबस्टेशन ताब्यात घेणारे, तुम्हा सगळ्यांना आहे. मी नाशिक रोडला राहतो, रिले, म्हणजे फॉल्ट ओळखून ब्रेकरला उघडायचा हुकूम देणारी यंत्रं, त्यांच्या टेस्टिंगची आणि कमिशनिंगची कामं करतो. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, त्या निमित्तानं शहरात आणि त्र्यंबकच्या बाजूला विजेची बरीच कामं निघतायत, नवीन सबस्टेशनं, जुन्यांची क्षमतावाढ, नवे फीडर, नवे पॅनेल. एकदा हे पॅनेल बसले की पुढची पंधरा-वीस वर्षं कुणी हलवणार नाही, म्हणून आत्ताच लिहितोय.

बीओक्यू, म्हणजे टेंडरमधली सामानाची यादी, उघडा. ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, सीटी आणि पीटी (करंट आणि व्होल्टेज मोजण्याइतकं लहान करून देणारे), रिले पॅनेल या सगळ्यांना पानंच्या पानं स्पेसिफिकेशन असतं, आणि मग अगदी शेवटाकडं, कंट्रोल रूमचं फर्निचर आणि फायर एक्स्टिंग्विशरच्या आसपास, एक ओळ असते: जीपीएस क्लॉक, १ नग. उपग्रहाकडून वेळ घेऊन सबस्टेशनातल्या सगळ्या रिलेंना देणारं घड्याळ ते हेच. अचूकता किती हवी ते नाही, सिग्नल गेला तर काय करायचं ते नाही, वेळ रिलेपर्यंत कशी पोचवायची ते नाही, तपासायची कशी ते तर नाहीच. कॉन्ट्रॅक्टर मग मिळेल ते सगळ्यात स्वस्त डबडं आणतो, गच्चीवर अँटेना ठोकतो, समोरच्या लाल आकड्यांत वेळ दिसली की काम पास. सबस्टेशनच्या वेळेला बीओक्यूमध्ये स्वतःची जागा द्या, संरक्षणाचा भाग म्हणून द्या, माझी मागणी एवढी एकच आहे. ती का, हे जरा सविस्तर सांगतो, कारण "वेळ थोडी मागेपुढे असली तर काय बिघडलं" हा प्रश्न मी मीटिंगमध्ये बऱ्याच वेळा ऐकलाय आणि प्रश्न रास्तच आहे.

लाईन ट्रिप झाली की पहिल्यांदा काय करतो आपण? दोन्ही टोकांच्या रिलेमधून डीआर काढतो, म्हणजे डिस्टर्बन्स रेकॉर्ड, आणि ईएल म्हणजे इव्हेंट लॉग. २०२३ च्या ग्रिड कोडप्रमाणं हे २४ तासांत लोड डिस्पॅच सेंटरला, म्हणजे ग्रिड सांभाळणाऱ्या केंद्राला, द्यावं लागतं. कागदावर सोपं वाटतं. आता पावसाळ्यातली रात्र घ्या, इगतपुरीकडं धो धो चाललंय, लाईन गेलीय, एका टोकाचा रिले म्हणतो फॉल्ट ०२:१४:३७.४१२ ला आला आणि दुसऱ्या टोकाचा म्हणतो ०२:१५:१४.४०९ ला. एकच फॉल्ट, एकच लाईन, आणि दोन टोकांत जवळजवळ ३७ सेकंदांचा फरक. या कामात मुरलेला माणूस ३७ हा आकडा बघूनच ओळखतो, एका टोकाच्या क्लॉकमधून अणुघड्याळांची वेळ तशीच्या तशी रिलेत चाललीय, ती सध्या यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, ३७ सेकंद पुढं असते आणि मधलं ऑफसेट कुणीतरी टाकायचं राहिलंय. फरक १८ सेकंदांचा असेल तर कच्ची जीपीएस वेळ, साडेपाच तासांचा असेल तर एकाला भारतीय वेळ आणि दुसऱ्याला यूटीसी. हे सगळे मोठे फरक, दिसतात तरी, आणि दिसलं की वजा करता येतं. पण वरच्याच आकड्यांतून ३७ वजा करा, ३ मिलिसेकंद उरतात. ते ३ मिलिसेकंद फॉल्टमुळं खरे आहेत की घड्याळामुळं? ते कुणालाच सांगता येत नाही, आणि ब्रेकर आधी उघडला की कॅरिअर, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या रिलेचा सिग्नल, आधी आला हे ठरवायला नेमके तेवढेच मिलिसेकंद लागतात.

मग आम्ही लॅपटॉपवर दोन्ही वेव्हफॉर्म एकाखाली एक लावतो, आर फेजचं व्होल्टेज कुठं बसलं ती जागा डोळ्यांनी शोधतो आणि एक रेकॉर्ड माउसनं सरकवत सरकवत दुसऱ्यावर आणतो. दोन रिले असतील तर जमतं. सहा सबस्टेशनांचे तीस रिले एकाच घटनेत पिकअप झाले असतील तर बसा आठवडाभर.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका आणि कॅनडात सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली, तेव्हा चौकशी करणाऱ्यांसमोर हाच डोंगर होता, कितीतरी रेकॉर्डरांच्या वेळा एकमेकांशी जुळत नव्हत्या आणि कुठली लाईन कुठल्या लाईनच्या आधी गेली हे ठरवण्यातच प्रचंड वेळ गेला. २००४ च्या अंतिम अहवालात म्हणूनच वेळ जुळवलेले रेकॉर्डर सक्तीचे करा अशी स्वतंत्र शिफारस आहे. आपल्याकडं ३० जुलै २०१२ ला रात्री अडीचच्या सुमाराला उत्तर ग्रिड कोसळलं, दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही कोसळली, साठ कोटींच्या वर लोक त्या पट्ट्यात राहतात. दोन्ही दिवशी सुरुवात बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाईनपासून, आणि लाईनवर फॉल्ट नव्हताच, लोड इतकं वाढलं होतं की रिलेच्या झोन ३ ला, म्हणजे सगळ्यात लांबवर बघणाऱ्या टप्प्याला, तो फॉल्ट वाटला. असं काही शोधून काढायचं तर घटनांचा क्रम पक्का लागतो. तेव्हा आपलं पश्चिम ग्रिड वाचलं. पण ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन जोडली गेली आणि तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच फ्रिक्वेन्सी आहे. म्हणजे ओझरच्या फीडरवरची मोटर आणि केरळातली मोटर एकाच ठेक्यावर फिरतेय. एवढ्या मोठ्या यंत्राची नोंद ठेवायची तर प्रत्येक सबस्टेशनचं घड्याळ एकच वेळ सांगणारं पाहिजे ना?

आता थोडं गणित, घाबरू नका, शाळेतलंच आहे. आपली फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंदांची, आणि एका सायकलमध्ये ३६० अंश. म्हणजे १ मिलिसेकंद चुकला की १८ अंश चुकले. १ अंश म्हणजे साधारण ५५ मायक्रोसेकंद. १ मायक्रोसेकंद म्हणजे ०.०१८ अंश. बास, एवढं डोक्यात ठेवलं की कुठल्या कामाला किती अचूक घड्याळ लागतं ते आपोआप कळतं. नुसत्या इव्हेंट लॉगला १ मिलिसेकंद पुरतो. पीएमयूला, म्हणजे व्होल्टेज-करंटचा कोन नेमक्या वेळेसकट मोजणाऱ्या यंत्राला, पुरत नाही. पीएमयूच्या आयईईई सी३७.११८ स्टँडर्डमध्ये एकूण चूक १ टक्क्याच्या आत पाहिजे, आणि ती सगळीच्या सगळी चूक नुसत्या वेळेतून आली असं धरलं तरी ५० हर्ट्झला ३२ मायक्रोसेकंदांच्या आसपास संपते. पीएमयूच्या स्वतःच्या मोजणीची चूक त्यातच बसवायची असते, म्हणून प्रत्यक्षात घड्याळ १ मायक्रोसेकंदाच्या आसपास धरतात.

पीएमयूचं नाव निघालं म्हणून सांगतो, हे यंत्र ज्यांनी जगाला दिलं त्यातलं एक नाव अरुण फडके, जन्म ग्वाल्हेरचा, शिक्षण आयआयटी खरगपूर आणि पुढं अमेरिका. त्यांनी आणि जेम्स थॉर्प यांनी मिळून हे काम केलं, पहिला पीएमयू व्हर्जिनिया टेकमध्ये १९८८ च्या सुमाराला उभा राहिला. कल्पना सरळ होती, दोन गावांतल्या व्होल्टेजचा कोन एकमेकांशी ताडायचा असेल तर दोन्ही गावांत मोजायचा क्षण एकच पाहिजे, आणि तो क्षण उपग्रह देऊ शकतो. आज देशभरात हजाराच्या वर पीएमयू बसवलेत, सेकंदाला २५ वेळा माहिती पाठवतात, स्काडाला, म्हणजे दुरून देखरेख करणाऱ्या नेहमीच्या यंत्रणेला, तीच माहिती यायला काही सेकंद लागतात. पण खाली घड्याळ चुकलं तर पीएमयू तेवढ्याच वेगानं चुकीचा कोन पाठवत राहतो, आणि तिकडं डिस्पॅच सेंटरला बसलेल्या माणसाला वाटतं लाईनवर लोड बदललं.

आमचे काही सीनियर म्हणतात, अरे डिस्टन्स रिले आणि ओव्हरकरंट रिले घड्याळाशिवाय चालतात की. बरोबर आहे त्यांचं. आजपर्यंत क्लॉक बंद पडला म्हणून डिस्टन्स रिले अडला असं झालं नाही, होणारही नाही, त्याला फक्त स्वतःचं व्होल्टेज-करंट बघायचं असतं. पण नवीन सबस्टेशनांत आता प्रोसेस बस येतीय. तिथं सीटीपासून पॅनेलपर्यंत तांब्याची केबल नसते, यार्डातच मर्जिंग युनिट बसतं, ते करंटचे सॅम्पल घेतं आणि फायबरवरून पाठवतं, एका सायकलला ८० सॅम्पल, म्हणजे सेकंदाला ४०००, दोन सॅम्पलमध्ये २५० मायक्रोसेकंद. ट्रान्सफॉर्मरच्या एचव्ही बाजूला एक युनिट, एलव्ही बाजूला दुसरं, आणि डिफरन्शियल रिले दोन्हीकडचे सॅम्पल क्षणाला क्षण लावून वजाबाकी करतो. एका युनिटची वेळ नुसती एका सॅम्पलनं सरकली की साडेचार अंशांचा फरक पडतो, आणि ट्रान्सफॉर्मर ठणठणीत असताना रिलेला जवळपास ८ टक्के खोटा डिफरन्शियल करंट दिसतो. लोड जास्त असेल, बाहेर कुठं फॉल्ट आला असेल, तर त्या ८ टक्क्यांचे अँपिअर किती होतात ते तुम्हीच काढा. म्हणजे जे घड्याळ काल फक्त नोंदीसाठी होतं ते उद्या ट्रिपच्या निर्णयात बसणार आहे, आणि बीओक्यूत त्याची ओळ अजून तीच, १ नग.

माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागतो तो विषय म्हणजे फॉल्ट लोकेशन, कारण तिथं माणूस पायी चालतो. कसारा घाटातून, भावली-वैतरणाच्या बाजूनं, जंगलातनं लाईनी गेल्यात. फॉल्ट आला, रिले म्हणतो इतक्या किलोमीटरवर, आणि हा इम्पिडन्सवरून, म्हणजे लाईनच्या विद्युत अडथळ्यावरून, काढलेला आकडा असतो, त्यात लाईनच्या लांबीच्या एक-दोन टक्के चूक अगदी नॉर्मल, जमिनीतून जाणारा मोठ्या रेझिस्टन्सचा फॉल्ट असेल तर जास्तच. शंभर किलोमीटरच्या लाईनीत दोन टक्के म्हणजे अलीकडं दोन आणि पलीकडं दोन किलोमीटर. घाटात चार किलोमीटरमध्ये दहा-बारा टॉवर येतात आणि एका टॉवरवरून दुसऱ्यावर जायला कधी कधी सगळी दरी उतरून चढावी लागते. पावसात, चिखलात, धुक्यात, टॉर्च घेऊन डिस्क इन्सुलेटरवर फ्लॅशओव्हरची काळी खूण शोधायची. लाईनमन मंडळी हे करतात, वर्षानुवर्षं करतायत.

यावर ट्रॅव्हलिंग वेव्हचा उपाय आहे. फॉल्ट होतो त्या क्षणी तिथून दोन्ही बाजूंना एक लाट निघते, जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं, मायक्रोसेकंदाला ३०० मीटर. दोन्ही टोकांना ती कधी पोचली ती वेळ टिपली की फॉल्ट कुठं होता ते वजाबाकीनं निघतं. दोन घड्याळांत १ मायक्रोसेकंदाचा फरक असेल तर जागेत १५० मीटरची चूक. म्हणजे घड्याळ नीट असेल तर टीमला नेमका टॉवर, फार तर शेजारचा, सांगता येतो. आणि घड्याळात १०० मायक्रोसेकंदांचा फरक असेल तर १५ किलोमीटरची चूक, म्हणजे एवढं महागाचं मशीन घेऊन पुन्हा टॉर्चच. हे लोकेटर बसवताना घड्याळाचा खर्च वाचवणं म्हणजे काय वाचवणं आहे, हे त्या लाईनमनला समोर बसवून एकदा विचारा.

आता वेळ पोचवायची कशी त्याबद्दल. तीन रस्ते आहेत. एनटीपी, जो ऑफिसच्या कॉम्प्युटरलाही वेळ देतो, सबस्टेशनच्या लॅनवर मिलिसेकंदाच्या आसपास जातो, स्काडाच्या कॉम्प्युटरला ठीक, पीएमयूला नाही. दुसरा आयरिग-बी, कोॲक्स केबलनं रिले टू रिले, जुना आणि भरवशाचा, डीसी पल्सचा असेल तर मायक्रोसेकंदापर्यंत अचूकही, पण प्रत्येक पॅनेलला वेगळी केबल ओढा, एकाच आउटपुटवर रिले लटकवत गेलात की सिग्नल बसतो आणि शेवटचे दोन रिले मुकाट्यानं स्वतःच्या क्रिस्टलवर चालू राहतात, कुणाला पत्ता नाही. तिसरा पीटीपी, म्हणजे आयईईई १५८८, आणि त्याचं वीज क्षेत्रासाठीचं प्रोफाइल आयईसी ६१८५०-९-३, २०१६ चं. ज्या इथरनेटवरून रिलेचा बाकी डेटा जातो त्याच फायबरवरून वेळही जाते, वेगळी केबल नाही. नवीन सबस्टेशनला हाच रस्ता धरा असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

पण पीटीपीची एक अट आहे आणि टेंडरमध्ये नेमकी तीच सुटते. नेटवर्कवरून वेळ पाठवताना वाटेत किती वेळ गेला ते मोजावं लागतं, आणि ते मोजताना जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा धरतात. नाशिकहून पडघ्याला जाऊन परत यायला चार तास लागले तर आपण म्हणू एका बाजूला दोन तास, पण कसाऱ्याला जायचा घाट वेगळा, यायचा वेगळा, एका घाटात कंटेनर बंद पडला की तो हिशोब खोटा, आणि कितीनं खोटा, तर फरकाच्या निम्म्यानं. नेटवर्कचंही तेच. साध्या स्विचमध्ये पॅकेट कधी लगेच निघतं, कधी रांगेत थांबतं. पीटीपी समजणारा स्विच, त्याला ट्रान्सपरंट क्लॉक म्हणतात, पॅकेट आपल्या पोटात किती वेळ थांबलं ते मोजून त्या पॅकेटमध्येच लिहून पुढं पाठवतो. ६१८५०-९-३ मध्ये अशा एका स्विचला चुकायची मुभा ५० नॅनोसेकंद, मुख्य घड्याळाला २५०. म्हणजे लागोपाठ १५ स्विच ओलांडले तरी ७५० अधिक २५०, बरोबर १ मायक्रोसेकंदात बसतं. किती विचार करून बांधलेलं गणित आहे बघा. आणि आपल्या टेंडरमध्ये काय लिहिलेलं असतं, तर "मॅनेज्ड इथरनेट स्विच". एक साधा स्विच मधे आला की हे सगळं गणित गेलं.

हीच जाण्या-येण्याची भानगड लाईन डिफरन्शियललाही, म्हणजे लाईनच्या दोन टोकांचे करंट ताडून बघणाऱ्या रिलेलाही, आहे. कम्युनिकेशनवाल्यांनी रिंगचा मार्ग बदलला, जायचा रस्ता १ मिलिसेकंदानं लांबला आणि यायचा तसाच राहिला, की रिलेच्या हिशोबात अर्धा मिलिसेकंद चूक म्हणजे ९ अंश, म्हणजे सुमारे १६ टक्के खोटा करंट. प्रोटेक्शनवाल्याला कुणी सांगतही नाही की मार्ग बदलला. कम्युनिकेशन आणि प्रोटेक्शन विभाग एकमेकांना असा बदल लेखी कळवतील असा एक साधा नियम काढा, त्याला एक रुपया लागत नाही.

अजून एक छोटी गोष्ट, पण माझ्या डोक्यात कायम असते. गच्चीवरच्या अँटेनापासून पॅनेलपर्यंतची कोॲक्स केबल. सिग्नलला एक मीटर जायला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. केबल ५० मीटर असेल तर २५० नॅनोसेकंद, म्हणजे मुख्य घड्याळाला मिळालेली सगळी मुभा नुसत्या केबलनं खाल्ली. प्रत्येक चांगल्या क्लॉकमध्ये केबलची लांबी किंवा डिले टाकायला जागा असते, दोन मिनिटांचं काम आहे. किती ठिकाणी तो आकडा शून्यच असतो म्हणून सांगू. केबल कापताना कुणी लांबी लिहून ठेवत नाही, नंतर ती ट्रेंचमध्ये आणि कंड्युटमध्ये गेली की मोजणार कोण.

आता उपग्रहाबद्दल. जीपीएसचे उपग्रह २० हजार किलोमीटरवरून बोलतात, जमिनीवर पोचेपर्यंत सिग्नल इतका क्षीण होतो की एक स्वस्त जॅमर खिशात घेऊन कुणी सबस्टेशनच्या भिंतीपाशी उभा राहिला तरी घड्याळ आंधळं होतं. जॅमर सोडा, आपल्याकडं अँटेनावर वीज पडते, सर्ज अरेस्टर लावलेलाच नसतो, त्र्यंबकच्या बाजूला माकडं केबल ओढतात, शेजारी टाकी बांधली की निम्मं आभाळ झाकलं जातं. आणि कधी कधी चूक वरूनच येते. २६ जानेवारी २०१६ ला एक जुना उपग्रह सेवेतून काढताना काही जीपीएस उपग्रहांवरून चुकीची माहिती प्रसारित झाली आणि जगभरात बऱ्याच रिसीव्हरांची यूटीसी वेळ १३ मायक्रोसेकंदांनी सरकली. लाईनच्या एकाच टोकाच्या क्लॉकनं ती चूक घेतली असेल तर ट्रॅव्हलिंग वेव्ह लोकेटर जवळजवळ दोन किलोमीटर चुकणार. ६ एप्रिल २०१९ ला जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ पूर्ण होऊन पुन्हा शून्यावर गेला आणि फर्मवेअर अपडेट न केलेले जुने रिसीव्हर वीस वर्षं मागची तारीख दाखवायला लागले.

म्हणून एकट्या जीपीएसवर राहू नका. नाविक, म्हणजे जीपीएससारखी भारताची उपग्रह यंत्रणा, आपलं स्वतःचं आहे, २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये आपल्याच देशात बनवलेलं रुबिडियम अणुघड्याळ आहे आणि एल१ बँडही आहे, त्यामुळं दोन्ही यंत्रणांचे सिग्नल घेणारा रिसीव्हर मागणं आता जड नाही. पण नाविकही आभाळातूनच येतं, जॅमर दोघांनाही झाकू शकतो, तेव्हा तिसरा आधार जमिनीवरचा पाहिजे. देशाची अधिकृत वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा ठेवते आणि ती अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरीदाबाद, गुवाहाटीच्या केंद्रांतून द्यायचं काम ग्राहक व्यवहार विभागानं हातात घेतलंय. वीज क्षेत्राकडं स्वतःचं फायबर आहे, टॉवरच्या डोक्यावरून ओपीजीडब्ल्यू, म्हणजे पोटात फायबर असलेली अर्थ वायर, गेलंय. त्या फायबरवरून मोठ्या सबस्टेशनांना जमिनीवरची वेळ मिळावी असा प्रस्ताव तुम्ही पाठवलात तर तो कदाचित राज्यातल्या पहिल्या काही प्रस्तावांत असेल, आणि नाशिकहून जावा असं मला मनापासून वाटतं.

आणि सगळंच गेलं तर? मग होल्डओव्हर, म्हणजे सिग्नल नसताना घड्याळ स्वतःच्या क्रिस्टलवर किती वेळ तग धरतं. साधं क्रिस्टल दहा लाखांत एक भाग चुकत असेल तर सेकंदाला १ मायक्रोसेकंद, म्हणजे प्रोसेस बसची मुभा एका सेकंदात संपली आणि दिवसभरात ८६ मिलिसेकंद. तापमान स्थिर ठेवलेलं चांगलं क्रिस्टल अब्जात एक भागावर असेल तर दिवसाला ८६ मायक्रोसेकंद. रुबिडियम त्याच्याही पुढं. टेंडरमध्ये "होल्डओव्हर असावा" एवढंच लिहून चालत नाही, किती तासांत किती मायक्रोसेकंद ते लिहा, आणि आपल्या कंट्रोल रूममध्ये एसी बंद पडला की मे महिन्यात काय तापमान होतं ते धरून लिहा.

बरं, घड्याळ बिघडलं हे कळतं कुणाला? खरं तर रिलेला कळतं. मर्जिंग युनिट प्रत्येक सॅम्पलबरोबर सांगत असतं की माझी वेळ जागतिक आहे, फक्त सबस्टेशनपुरती जुळलेली आहे की जुळलेलीच नाही. यातली मधली अवस्था महत्त्वाची आहे, उपग्रह गेला तरी सबस्टेशनातली सगळी युनिटं एकाच घड्याळावर असतील तर ट्रान्सफॉर्मर डिफरन्शियल आरामात चालतो, बंद करायची गरज नाही, आणि हे सेटिंग नीट न केल्यामुळं अँटेनाची केबल सुटली म्हणून संरक्षणच ब्लॉक झालं असं होऊ शकतं. डीआरच्या कॉमट्रेड फाइलच्या २०१३ च्या आवृत्तीत वेळेचा दर्जा लिहायची जागाच दिलीय. एवढं सगळं यंत्र सांगतंय, पण तो अलार्म स्काडावर आणलेलाच नसतो. एका सबस्टेशनवर क्लॉकच्या तोंडावरचा लॉकचा दिवा लाल होता, यंत्रचालकाला विचारलं तर म्हणाला, "साहेब, मी इथं बदलून आलो तेव्हापासून लालच आहे." त्याचा काय दोष, त्याला कुणी सांगितलंच नाही की हा दिवा हिरवा असतो, लॉगशीटमध्ये बॅटरीच्या व्होल्टेजचा रकाना आहे, ट्रान्सफॉर्मरच्या तापमानाचा आहे, घड्याळाचा नाहीच.

तेव्हा माझं मागणं असं आहे. त्या एका ओळीच्या जागी दोन पानं लिहा. दोन मुख्य घड्याळं, दोघांच्या अँटेना वेगळ्या जागी, जीपीएस आणि नाविक दोन्ही घेणारी. वेळ जाते त्या वाटेवरचा प्रत्येक स्विच ६१८५०-९-३ चा, आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट जोडलेला. केबलची लांबी आणि डिले ड्रॉइंगवर लिहिलेला. सगळीकडं आत यूटीसी, भारतीय वेळ फक्त माणसाला दाखवताना. क्लॉकचा अलार्म स्काडावर आणि लॉगशीटमध्ये त्याचा रकाना. एएमसीमध्ये, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, फर्मवेअर अपडेट धरलेला. आणि ताब्यात घ्यायच्या आधी माझ्यासारख्याला नुसतं "वेळ दिसतेय" म्हणून सही करू देऊ नका. सगळ्यांसमोर अँटेनाची केबल काढायला लावा, दोन तास तशीच ठेवा, बाहेरून आणलेल्या दुसऱ्या घड्याळाशी पल्स ताडून बघा किती सरकलं, मग एक मुख्य घड्याळ बंद करा आणि दुसऱ्यानं ताबा किती वेळात घेतला, तेवढ्यात कुठल्या मर्जिंग युनिटची वेळ उडी मारली ते रेकॉर्ड करा. मग केबल परत लावा आणि वेळ एकदम उडी मारून जाग्यावर येते की हळूहळू सरकत येते ते बघा, कारण प्रोसेस बसला उडी चालत नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे. सबस्टेशन चार्ज झाल्यावर हे कुणी करू देणार नाही.

खर्च वाढेल, हो. पण एका पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या किमतीपुढं हा खर्च कुठल्या कोपऱ्यात जातो ते तुमच्याच एस्टिमेटमध्ये बघा, तुम्हाला आकडे माझ्यापेक्षा जास्त माहितीयत.

माणसंही इथंच आहेत. अंबड-सातपूरला ब्रेकर, सीटी आणि पॅनेल बनवणारे कारखाने आहेत, शिलापूरला सीपीआरआयची प्रयोगशाळा आलीय, इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, तिथल्या पोरांना पीटीपी म्हणजे काय ते एका दिवसात समजतं, मी शिकवून बघितलंय. प्रत्येक विभागात टेस्टिंगच्या एका इंजिनिअरकडं घड्याळाची जबाबदारी नावानिशी द्या, आज ती कम्युनिकेशनची की प्रोटेक्शनची की सिव्हिलची हेच ठरलेलं नाही म्हणून ती कुणाचीच नाही.

सिंहस्थाच्या कामांची जी टेंडरं अजून निघायची आहेत, त्यांच्या प्री-बिड मीटिंगच्या आधी हे दोन पानांचं स्पेसिफिकेशन त्यात घाला. मसुदा मी आणि माझ्या ओळखीचे दोन-तीन टेस्टिंगवाले मिळून तयार करून देऊ, एक पैसा नको. जुन्या सबस्टेशनांसाठी निदान या पावसाळ्याच्या आधी एक फेरी मारा, प्रत्येक क्लॉकचा दिवा, ऑफसेट, केबल डिले आणि शेवटच्या रिलेपर्यंत पोचलेली वेळ, एवढं तपासून एका तक्त्यात लिहा आणि तो तक्ता लोड डिस्पॅच सेंटरला पाठवा. त्या फेरीत यायला मी तयार आहे, दिवस तुम्ही सांगा.

आपला,
रिले टेस्टिंगचं काम करणारा एक नाशिककर
नाशिक रोड